मानिंगोरीच्या अलीकडे

मारोआन्त्सेत्राच्या विमानतळावर आधी माणसं तोलतात आणि मग सामान, तेही सगळ्यांच्या देखत, कारण त्या एकोणीस आसनांच्या विमानाला जरा भार जास्त झाला की धावपट्टीच्या टोकाच्या नारळींवरून उठताना ते कुरकुरतं. गावाने त्याचं नाव नाकतोडा ठेवलं होतं. कोणाचं अंग सुटलं, कोण आजारपणातून उठून निम्मं झालं, कोणाच्या सुनेला दिवस गेले, या सगळ्या बातम्या तिथल्या वजनकाट्यावरून निघत आणि दुपारपर्यंत बाजारात येऊन शाळेच्या फाटकाशी नारळ घातलेल्या तांदळाच्या वड्या विकणाऱ्या लालाओच्या कानी पडत. आज मात्र लालाओ स्वतःच काट्यावर उभी होती, छातीशी एक कापडी पिशवी धरून.

“पिशवी खाली ठेवा मावशी, तिचं वेगळं करते,” काट्याजवळची पोरगी म्हणाली.

“राहू दे गं. दोघांचं एकदमच कर.”

“दोघांचं?”

“माझं नि पिशवीचं.”

“कर की एकदम!” मागून लवंगांचा व्यापारी तोम्बो ओरडला. “मी माझ्या पोटाचं वेगळं कर म्हटलं तर करणार आहेस का तू?”

रांग हसली. पोरगीही हसली, “एकोणऐंशी” असं मोठ्याने म्हणून तिने आकडा लिहिला आणि मान वर न करता विचारलं, “आत काय?”

“नवऱ्याचे कपडे.”

हे तसं खोटं नव्हतं. पिशवीत नवं रेशमी वस्त्र होतं, आणि त्या वस्त्रात नायवो होता. पाच वर्षांपूर्वी चर्चमागच्या रेतीत ठेवलेला, परवा पहाटे काढून, पुसून, लालाओने स्वतःच्या हातांनी गुंडाळलेला. कंपनीच्या नियमाने अशा माणसाला शिशाची पेटी लागते आणि पाच-सहा सह्यांचा कागद लागतो, पण कागदाला चार महिने लागतात आणि दिवस पाहणाऱ्या म्हाताऱ्याने तर आजचा एकच दिवस काढून दिला होता. आज सूर्य मावळायच्या आत नायवो पठारावरच्या त्याच्या वाडवडलांच्या थडग्यात गेला पाहिजे. नाहीतर थडग्याच्या तोंडावर दगड बसवणार, आणि बसलेला दगड सात वर्षं कोणी हलवत नाही. वादळाने वाटेवरचे पूल नेले होते, तेव्हा नाकतोड्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

सकाळीच धाकट्या दिराचा, रावेलोचा, फोन येऊन गेला होता. नायवो वारल्यापासून घराचा कर्ता तोच.

“वहिनी, निघालात ना? का अजून शेजारणीचा निरोप घेणं चाललंय?”

“निघाले हो भावजी. तुम्ही गाडी घेऊन या म्हणजे झालं.”

“मी सकाळपासूनच येऊन बसतो. तुमचा काय भरवसा? पंचवीस वर्षांपूर्वी आमचा भाऊ नेलात तो अजून परत आणताय.”

तो हसला, म्हणून तीही हसली. मग तिने उगाच विचारावं तसं विचारलं, “भावजी, पुढेमागे मला त्याच्याशेजारी जागा होईल का हो तिथे?”

“अहो वहिनी, आमचं थडगं कोरडं. समुद्राकडची माणसं ठेवली की ओल धरतं!” रावेलो पुन्हा हसला. “तुमचं सगळं तिकडे आहे की. तुमची आई, मावश्या. आमचं काय घेऊन बसलात!”

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो बोलायचाच तसा. नायवो वारला तेव्हा तीन दिवस चिखलातून चालत आला होता आणि लहान पोरासारखा रडला होता. पण फोन ठेवल्यावर लालाओ पिशवीजवळ बराच वेळ बसून राहिली. पाच वर्षं दर रविवारी ती चर्चमागे जाऊन बसे आणि नायवोला गल्लीतल्या बातम्या सांगे; कोणाचं लग्न मोडलं, हेडमास्तरांनी दात कसे बसवले, कोण काट्यावर किती भरलं. जिवंतपणी तो गणिताचा मास्तर होता आणि असल्या बातम्यांना “हं” एवढंच म्हणायचा. आताही त्यात फारसा फरक पडला नव्हता. उद्यापासून मात्र बातम्या असतील आणि सांगायला कोणी नसेल, ही गोष्ट तिला अजून नीट समोर धरून पाहता येत नव्हती.

साडेअकराला विमान उठलं. लालाओला खिडकी मिळाली, शेजारी फान्झा नावाची जेमतेम विशीतली पोर, पोटुशी, दिवस भरत आलेली. मूल आडवं होतं आणि आजच्या आज राजधानीच्या मोठ्या दवाखान्यात पोचा असं इथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. हे सगळं लालाओने विमान नारळींवर चढायच्या आत तिच्याकडून काढून घेतलं, शिवाय सासू कशी आहे आणि नवरा बरोबर का आला नाही तेही. पलीकडच्या एकेरी आसनात तोम्बो बसला होता, लवंगांच्या वासासकट. पुढे वैमानिकाच्या खोलीला दार नव्हतं. त्याची मानगूट, टोपी आणि समोरची घड्याळं सगळ्यांना दिसत होती.

गावातून निघताना वडीलधाऱ्यांनी लालाओला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. लहानसहान ओढ्यांचं काही नाही, पण मानिंगोरी आली की त्याला सांगायचं. माणूस मेला म्हणून त्याला वाटा आपोआप कळत नाहीत. नाव घ्यायचं, बापाचं नाव घ्यायचं, म्हणायचं की ही मानिंगोरी, पलीकडे तुझी माणसं उभी आहेत, मागे बघू नकोस, चल. सांगितलं नाही तर तो अलीकडेच राहतो, आणि पलीकडे जातं ते नुसतं गाठोडं.

पाऊण तासाने नदी दिसली. रुंद, चहाच्या रंगाची, मधे एक लांबट बेट, आणि बेटाच्या अंगाला कच्च्या केळ्यांनी भरलेली एकच होडी. होडीत एक माणूस बांबू उचलून उभा. लालाओने पिशवीवर हात ठेवला. ओठ हलवले. फान्झा शेजारून सासूच्या स्वयंपाकाचं काही सांगत होती. परक्या माणसांत असं मोठ्याने कसं बोलायचं, वैमानिकाने ऐकलं तर, असं लालाओच्या मनात आलं. निदान आलं असं तिने स्वतःला सांगितलं. नदी खालून सरकली आणि मागे गेली. ती काही बोलली नाही.

मग जंगल, लाल डोंगर, पुन्हा जंगल. लालाओने डोळे मिटले. बोलली नाही याची टोचणी लागायला हवी होती, पण छातीत टोचणीऐवजी काहीतरी ऊबदार, चोरटं बसलं होतं, लहानपणी आईच्या डब्यातली साखर तोंडात टाकल्यावर बसे तसं.

दहा-बारा मिनिटांनी तिने खाली पाहिलं तर एक नदी येत होती. या बाजूला नद्यांना तोटा नाही. पण हिलाही मधे लांबट बेट होतं, आणि बेटाच्या अंगाला केळ्यांची होडी.

“केळी बरीच आलेली दिसतात यंदा,” ती म्हणाली.

“कुठे?” फान्झाने मान वाकवून पाहिलं. “अय्या, मघाशीपण होती की अशीच.”

तिसऱ्यांदा आली तेव्हा तोम्बोनेही पाहिली. होडीतल्या माणसाने बांबू अजून तसाच उचललेला होता. पाण्यात टेकवला नव्हता.

“ओ कप्तान!” तोम्बोने हाक दिली. “वाट चुकलात काय? मी उतरून विचारू का कोणाला?”

मागची माणसं हसली. वैमानिकाने मागे न वळता हात हलवला. “वारा आहे समोरून,” तो म्हणाला. “थोडा वेळ लागेल.”

चौथ्यांदा नदी आली तेव्हा कोणी हसलं नाही. घड्याळं चालत होती. तोम्बोच्या मनगटावर दीड, मग सव्वादोन, मग तीन वाजले, आणि खिडकीतून येणारं ऊन गुडघ्यांवरून चढत पोटापर्यंत आलं. फक्त वैमानिकासमोरचा इंधनाचा काटा निम्म्यावर होता तो निम्म्यावरच. एकदा त्याने विमान तिरकं करून सरळ मागे फिरवलं. सगळ्यांना ते कळलं, कारण ऊन डाव्या खिडक्यांतून उजव्या खिडक्यांत गेलं. दहा मिनिटांनी समोरून तीच नदी आली, तेच बेट, आणि होडीचं तोंडसुद्धा जिकडे होतं तिकडेच.

आपण पोचत नाही याची लालाओला भीती वाटायला हवी होती. तिने मनाशी हिशेब केला. इथून राजधानी, तिथून गाडीने पाऊण तास थडगं, सूर्य मावळायला तीन तास, मग अडीच. दगड बसवायला माणसं एव्हाना जमली असतील. रावेलो कुंपणाशी येरझाऱ्या घालत असेल आणि म्हणत असेल, बघा, नाहीच आणला शेवटी. आणि पिशवी तिच्या मांडीवर होती. दर खेपेला नदी येई, दर खेपेला ती ओठ उघडी आणि दर खेपेला मनात म्हणे, पुढच्या वेळी.

“मावशी,” फान्झा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “मावशी, सुरू झालं.”

“काय सुरू झालं?”

पोरीने तिचं मनगट धरलं, आणि ती पकड अशी होती की लालाओला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

“कमरेत की पोटात?”

“दोन्हीकडे. आडवं आहे हो ते, मावशी. इथे नाही होणार. डॉक्टर म्हणाले होते, इथे झालं तर दोघंही...”

लालाओने तिच्या कपाळावरचा घाम आपल्या ओढणीने पुसला, श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं, आणि तिच्या सासूला दोन शिव्याही हासडल्या, म्हणजे पोर जरा हसेल. पोर हसलीही. मग पुढची कळ आली. हे सगळं तोम्बो बघत होता. पण पोरीकडे नाही, तो लालाओच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघत होता, जी तिने एवढ्या धावपळीतही जमिनीवर ठेवली नव्हती. पिशवीच्या तोंडाशी रेशमाचा एक काठ बाहेर आला होता.

तो उठला, वाकून तिच्या आसनाच्या पाठीवर हात टेकला आणि अगदी हळू म्हणाला, “ताई, कोण आहे?”

काय आहे, असं त्याने विचारलं नाही. लालाओला खोटं बोलता आलं नाही.

“आमचे मास्तर.”

“पठारावरचे?”

“हो.”

“मग सांगितलं नाहीत त्यांना? नदीवर?”

“कप्तानला कळलं असतं. कागद नाहीत हो माझ्याकडे.”

“कप्तानला मघाच कळलंय,” तोम्बो म्हणाला. तिने पुढे पाहिलं. वैमानिकाने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. मागे पाहिलं, तर शेवटच्या रांगेपर्यंतची सगळी तोंडं तिच्याकडे वळलेली होती. रागाने नाही. नदीकाठी होडीवाल्याची वाट बघत बसलेली माणसं एकमेकांकडे बघतात, तशी.

“सांगा, ताई,” तोम्बो म्हणाला. “पोरीकडे बघा. सांगून टाका.”

समोरून नदी येत होती. लालाओने पिशवी उराशी धरली आणि तोंड उघडलं. नायवो, असं म्हणायचं होतं. तीन अक्षरांचं नाव. वीस वर्षं दिवसातून पन्नासदा घेतलेलं, भात निवतोय म्हणून, छप्पर गळतंय म्हणून. ते वर आलं, घशापाशी थांबलं आणि तिथेच बसलं. नदी खालून निघून गेली. फान्झा ओरडली.

“नाही येत,” लालाओ म्हणाली. “नाही हो येत मला.”

“होतं असं,” मागून एक म्हातारी म्हणाली. “घरच्यांना नाही जमलं तर परक्यांनी हाक मारलेली चालते. नाव मात्र घरच्यांनी द्यायचं. द्या बाई, आम्ही बोलवतो.”

“हो, आम्ही बोलवतो,” आणखी कोणी म्हणालं. माणसं आपापल्या जागी सावरून बसली. कोणी डोक्यावरची हॅट काढली. तोम्बोने पोट सावरत दोन आसनांच्या मधे गुडघा टेकला.

“मावशी,” फान्झा म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. “नाव काय त्यांचं? मी पण म्हणते. नाव सांगा ना.”

ऊन आता आडवं होऊन सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पडलं होतं. खाली झाडी विरळ होत चालली होती. लालाओने पोरीकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि तिला कळत होतं की आता पुढची वेळ नाही. बोटांना रेशमातून काहीतरी कठीण, ओळखीचं लागत होतं. समुद्राकडची माणसं ठेवली की ओल धरतं, असं कोणीतरी हसत म्हणालं होतं. तिचं तोंड उघडलं.

“रावेलो,” ती म्हणाली.

आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं, पण दुसऱ्या कोणी बोलल्यासारखं.

“बापाचं नाव?”

“राझाका.” ते खरं होतं. भावाभावांचा बाप एकच.

“रावेलो!” तोम्बोने आवाज चढवला, आणि त्याच्यामागून सगळ्यांनी, म्हातारीने, कळ सोसत फान्झाने, पुढे मान खाली घालून वैमानिकानेसुद्धा. “रावेलो, राझाकाच्या मुला, ही मानिंगोरी! पलीकडे तुझी माणसं उभी आहेत! मागे बघू नकोस! चल!”

“थांबा,” लालाओ म्हणाली. पण एवढ्या आवाजात ते तिच्या शेजारच्या पोरीलाही गेलं नाही. “चल!” विमान पुन्हा म्हणालं.

नदीच्या बरोबर मध्यावर विमान जरासं खाली बसलं. हवेचा खड्डा लागल्यासारखं नव्हतं ते. काठाशी उभ्या असलेल्या होडीत कोणी पाय टाकला की ती बसते, तसं. मग ते सावरलं. खाली होडीतल्या माणसाने बांबू पाण्यात टेकवला आणि होडी सरकली. पाच मिनिटांत अलाओत्राचं मोठं सरोवर खिडकीत चमकायला लागलं आणि त्याच्या कडेची भाताची हिरवी खाचरं दिसली, तशी मागची माणसं रडायला, हसायला आणि एकमेकांना डबे पुढे करायला लागली.

“चांगला माणूस असणार,” तोम्बो घाम पुसत जागेवर बसला. “एका हाकेत आला. आमचा सासरा आणला तेव्हा तीन वेळा घसा फोडावा लागला होता.”

लालाओला सांगायचं होतं की चुकलं, परत फिरवा, नाव चुकलं. पण परत फिरून पुन्हा त्या नदीवर कोण येणार होतं, आणि या पोरीचं काय? पिशवी मांडीवर होती, तितकीच जड, तितकीच आपली. फान्झाचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. उरलेला पाऊण तास ती हललीसुद्धा नाही.

राजधानीच्या विमानतळावर विमान टेकलं तेव्हा सूर्य डोंगरापासून चांगला हातभर वर होता. आधी फान्झाला उतरवलं. स्ट्रेचरवरून तिने लालाओचा हात दाबला. “मास्तरांना माझा नमस्कार सांगा, मावशी,” असं म्हणाली, आणि तिची गाडी निघून गेली. पठारावरचा गार, कोरडा वारा होता. कुंपणापलीकडे रावेलोची बायको बाको एकटीच उभी होती, सणाची पांढरी शाल अंगावर घेऊन.

“आलात! देवाची कृपा,” तिने पुढे होऊन दोन्ही हात पिशवीवर ठेवले. “चला लवकर, पोचू अजून. किती काळजी करत होते हे, दुपारपासून येरझाऱ्या. मघाशी जरा टेकायला गाडीत जाऊन बसले.”

“मघाशी म्हणजे कधी?”

“झाला असेल तासभर. त्यानंतर एकदा मोठ्याने म्हणाले, ‘आलो, आलो!’ मला वाटलं फोनवर तुमच्याशीच बोलतायत.” बाको हसली. “आता हाका मारतेय तर ओ देत नाहीत. झोप लागली असेल. तुम्हीच उठवा जाऊबाई, तुमचं ऐकतात.”

गाडी वाळलेल्या गवतात उभी होती आणि पुढचं दार उघडं होतं. रावेलो नीट ताठ बसला होता, तोंड समोर, चेहऱ्यावर नेहमीचं हसू यायच्या बेतात असलेलं. त्याने विजारीचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत काळजीपूर्वक दुमडून घेतले होते, आणि पाण्यातून चालत जाताना धरावेत तसे जोडे छातीशी वर धरले होते.